सिकलसेल आहे का, हे विचारलंच नव्हतं: नागपुरात आरोग्य संशोधनाला लागणाऱ्यांसाठी

कुणी बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करून बसलेलं असतं, कुणी पीएसएममध्ये, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्रात, पीजीला असतं, कुणी नर्सिंग करून एखाद्या प्रोजेक्टवर फील्ड इन्व्हेस्टिगेटर म्हणून लागलेलं असतं. फोनवर पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, "ताई, विषय कोणता घेऊ?" विषय मिळतो. मेडिकल आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं, मिहानचं एम्स, जामठ्याची कर्करोग संस्था, मानेवाड्याकडचं तुकडोजी रुग्णालय, एवढं सगळं एका शहरात आहे. मधुमेह, कर्करोग, सार्वजनिक आरोग्य यांत विषयांचा तुटवडा कधीच नव्हता. मी कुठे अडकले ते आधी ऐका. त्यात माझे आठ महिने गेले आणि एका बाईंच्या पायाचं बोट जाता जाता वाचलं.

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत तिशीपुढच्या लोकांत मधुमेह किती आहे, असा अभ्यास होता. तपासणीसाठी आम्ही फक्त एचबीए1सी, म्हणजे मधुमेहासाठीची एक रक्ततपासणी, ठेवली. 6.5 टक्के किंवा वर म्हणजे मधुमेह, 5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठ्यावर, त्याखाली नॉर्मल. कारण सोयीचं होतं. उपाशी राहायला नको, दोनदा सुई टोचायला नको, सकाळी सातला कामाला निघणारा माणूसही दारातच रक्त देऊन जातो. फॉर्म दुसऱ्या राज्यातल्या एका शहरात वापरलेला होता. मी त्याचं मराठी केलं, वरचं नाव बदललं आणि झेरॉक्स काढल्या. त्या फॉर्मवर काय नाही, हे एकदाही बघितलं नाही.

गल्लीतल्या एका काकूंची एचबीए1सी 5.2 आली. मी कागद हातात देऊन सांगितलं, "काकू, साखर नाही तुम्हाला." एक्सेलमध्येही तसंच भरलं. चार महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी त्याच गल्लीत गेले तेव्हा त्या दारात बसल्या होत्या, उजवा पाय प्लास्टिकच्या स्टुलावर, अंगठ्याशेजारच्या बोटाला हळद लावलेला कापूस. जखम दीड महिन्यापासून भरत नव्हती. रात्री चार-चारदा उठून पाणी पितात, असं सून म्हणाली. बॅगेत ग्लुकोमीटर होता. 287. मला वाटलं बोटाला काही गोड लागलं असेल, म्हणून साबणाने हात धुवायला लावून पुन्हा बघितलं. 281.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी शिरेतल्या रक्ताची तपासणी केली, तीही 126 च्या, म्हणजे उपाशीपोटीच्या मधुमेहाच्या रेषेच्या, कितीतरी वर. ओपीडीतल्या डॉक्टरांनी माझा 5.2 चा कागद बघितला, पाय बघितला आणि काकूंना विचारलं, "घरात कुणाला सिकल आहे का?" काकूंनी कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकची थैली काढली. राशनकार्ड, आधार आणि त्यांच्यामध्ये घडी केलेलं एक कार्ड, सिकलसेल ग्रस्त. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या शांतपणे म्हणाल्या, "मले कोणी इचारलंच नाही बाई."

आता हे नीट समजून घ्या, थोडं लांबलं तरी. सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, त्यात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात. एचबीए1सी साखर थेट मोजत नाही. लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला साखर हळूहळू चिकटते आणि त्यातलं किती चिकटलेलं आहे, हे ती मोजते. साधारण माणसाची लाल पेशी 120 दिवसांच्या आसपास जगते, म्हणून या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब दिसतो. सिकलसेल ग्रस्त माणसाच्या पेशी 10 ते 20 दिवसांत फुटतात. रक्तात साखर कितीही असो, पेशीला ती चिकटवून घ्यायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. त्यात डबल एस, म्हणजे दोन्ही जनुकं सिकलची असलेल्या, माणसाच्या रक्तात ज्याला साखर चिकटायची ते साधं हिमोग्लोबिन ए जवळजवळ नसतंच. रक्त चढवलेलं असेल तर दुसऱ्याच माणसाच्या पेशी मोजल्या जातात. थोडक्यात, अशा माणसात एचबीए1सीवर निदान करायचंच नाही. उपाशीपोटीची प्लाझ्मा साखर किंवा ग्लुकोज पाजून दोन तासांनी घेतलेली साखर धरायची. उपचार कसे चाललेत ते बघायला फ्रुक्टोसामाइन आहे, ते मागच्या दोन-तीन आठवड्यांचं सांगतं.

वाहकांचं, म्हणजे ज्यांच्यात सिकलचं एकच जनुक आहे त्यांचं, गणित वेगळं. त्यांच्या पेशी जवळपास पूर्ण आयुष्य जगतात, पण काही मशीनच्या पद्धतीत हिमोग्लोबिन एस, म्हणजे सिकलचं हिमोग्लोबिन, आडवं येतं. तुमच्या लॅबचं मशीन कोणत्या पद्धतीचं आहे आणि त्या पद्धतीला एसची बाधा होते का, हे नमुने गोळा करायच्या आधी टेक्निशियनला विचारा. एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून आलेख काढणारी पद्धत, असेल तर तो आलेख स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आमच्या जुन्या आलेखांत काही ठिकाणी एक जास्तीचा उंचवटा स्पष्ट होता. मी फक्त शेवटचा आकडा टिपून घेत होते. आणि मशीन चांगलं असलं तरी निश्चिंत राहू नका. अमेरिकेतल्या आफ्रिकन-अमेरिकन लोकांवरच्या 2017 सालच्या एका मोठ्या अभ्यासात, रक्तातली साखर सारखी असूनही वाहकांची एचबीए1सी थोडी कमी निघाली होती.

उलटंही होतं. लोहाच्या कमतरतेने आलेल्या ॲनिमियात एचबीए1सी खोटी वाढलेली दिसू शकते आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की उतरते. आपल्याकडच्या बायकांत ॲनिमिया किती, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे एकाच गल्लीत एका बाईचा आकडा खाली ओढला जातोय, शेजारणीचा वर ढकलला जातोय आणि आपण दोघींची सरासरी काढून टक्केवारी छापतोय. विदर्भात काम करायचं आणि हिमोग्लोबिन न बघता एचबीए1सी घ्यायची, तर तो अभ्यास करू नका. सरळ सांगते, करू नका. सिकलसेल फक्त आदिवासी भागात असतो, हाही समज टाकून द्या. पूर्व विदर्भात अनुसूचित जातींत आणि ओबीसींतही तो आहे, आणि ही सगळी माणसं नागपूर शहरातच राहतात.

काकूंची गोष्ट मी माझ्या तेव्हाच्या गाईडना सांगितली. उत्तर आलं, "एक केस आहे, आउटलायर म्हणजे बाकीच्यांत न बसणारा आकडा म्हणून काढून टाक. सबमिशन जवळ आलंय." त्या रात्री मी ती ओळ खरंच डिलीट केली होती. सकाळी परत टाकली. हे लिहिताना आजही घशाशी येतं, कारण मी किती सहज ते करून बसले होते. नंतर दुसऱ्या विभागातल्या एका मॅडमनी सगळे आलेख माझ्यासोबत जमिनीवर पसरून एकेक बघितले, दोन शनिवार. गाईड निवडताना त्यांच्या नावावर पेपर किती आहेत, हे मोजू नका. ते शेवटचं वस्तीत कधी गेले होते, ते विचारा. कच्चा डेटा बघायला मागणारा गाईड कडक वाटतो, पण तोच तुम्हाला वाचवतो.

मग दुरुस्ती. एथिक्स कमिटीकडे सुधारित प्रोटोकॉल पाठवला, नवं संमतीपत्र केलं, लोकांकडे पुन्हा गेलो. इथे एक गोष्ट मॅडमनी शिकवली, ती मला कधीच सुचली नसती. सिकलसेलची तपासणी केली की तुमच्या हातात एका माणसाची नाही, घराची माहिती येते. लग्नाला आलेली मुलगी वाहक निघाली ही बातमी गल्लीत फुटली, तर तिचं स्थळ मोडू शकतं. म्हणून संमतीपत्रात वेगळा प्रश्न हवा, निकाल कळवायचा का आणि कुणाला. निकाल दारात उभं राहून सांगायचा नाही. आशाताई कितीही ओळखीच्या असल्या, तरी यादी त्यांच्या हातात द्यायची नाही. आणि वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे त्या माणसाला समजेल अशा शब्दांत सांगायला वेळ काढायचा. 1 जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे, त्यामुळे बऱ्याच जणांकडे कार्ड असतं. मागितलं तर दाखवतात.

विचारण्याबद्दलच बोलतेय तर खर्ऱ्याचं सांगते. कर्करोगाच्या कामात असलेल्या मैत्रिणीने "तंबाखू खाता का?" असा प्रश्न ठेवला होता. खिशातून खर्ऱ्याची पन्नी डोकावत असलेला माणूस "नाही" म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी तंबाखू म्हणजे हातावर मळतात ती. खर्रा म्हणजे खर्रा. त्यात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला असतो आणि सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, तंबाखू नसली तरी. तेव्हा खर्ऱ्याचं नाव घेऊन विचारा, दिवसाला किती पुड्या, गालात किती वेळ. तोंड उघडायला लावा आणि त्याचीच तीन बोटं उभी आत जातात का, बघा. जात नसतील तर फॉर्म बाजूला ठेवा आणि माणसाला दवाखान्यात न्या.

उपाशीचंही तसंच. "उपाशी आहात ना?" "हो." चहा मात्र झालेला असतो, साखरेचा. "सकाळपासून तोंडात काय काय गेलं?" असं विचारलं की चहा निघतो, कधी बिस्किटंही.

मे महिन्यात फील्डवर असाल तर नळ्यांची काळजी घ्या. साखरेसाठीचं रक्त नळीत तसंच ठेवलं तर पेशी ती साखर खात राहतात, साध्या तापमानालाही तासाला 5 ते 7 टक्के. नागपूरच्या उन्हात डिकीत ठेवलेल्या नळीचं काय होत असेल, तुम्हीच बघा. साखर टिकवायला असलेली फ्लोराइडची करडी नळी वापरली म्हणून सुटलो असं नाही, फ्लोराइडचा परिणाम व्हायला एक-दोन तास लागतात. बर्फाचे पॅक घातलेला व्हॅक्सिन कॅरियर न्या आणि लवकरात लवकर सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे नळी यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या करा. आम्ही दहाच्या पुढे नमुने घेणंच बंद केलं.

पैसे देऊन स्टॅटिस्टिक्स करून घेण्याबद्दल माझं मत कडक आहे. मदत घ्या, जरूर घ्या, पण शेजारी बसून. फुकटची सॉफ्टवेअरं आहेत, चार रविवारांत हात बसतो. ज्याने वस्ती बघितली नाही, त्याला 5.2 हा फक्त आकडा दिसणार. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला माणूस घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, नोंदणी लागते, 2018 च्या एप्रिलपासून मागाहून केलेली चालत नाही. एमबीबीएसला असाल तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एसटीएस ही विद्यार्थ्यांसाठीची संशोधन योजना बघा, दोन महिन्यांचं छोटं काम असतं. सुरुवातीला छोटंच बरं.

आणि घाबरू नका. सहा महिन्यांची मुदतवाढ मागितली म्हणून कुणाचं करिअर बुडालेलं मी बघितलं नाही. देशातल्या मधुमेहींचा 10.1 कोटी हा आकडा ज्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासातून 2023 साली आला, त्यात निदानासाठी माणसांना ग्लुकोज पाजून दोन तास बसवलं होतं. घरोघरी, राज्याराज्यांत. त्यांना वर्षं लागली, तुम्हाला महिने लागतील.

माझ्या फॉर्मवर आता सातवा प्रश्न आहे, "तुम्हाला किंवा घरात कुणाला सिकल आहे का? कार्ड आहे का?" नवीन फॉर्म झाला की छपाईला देण्याआधी मी तो घेऊन काकूंकडे जाते. त्यांना वाचता येत नाही, मी वाचून दाखवते. पाय आता बरा आहे, साखर ग्लुकोमीटरवर बघतात आणि आकडे सून वहीत लिहिते. मागच्या वेळी "आपण शारीरिक श्रम किती करता?" हे वाचलं तर त्यांनी मला थांबवलं. "श्रम म्हणजे काय इचारून राहिली तू? धुणी-भांडी चार घरची करते, ते धरतेस का नाही?" तो प्रश्न मी तिथेच, त्यांच्या ओट्यावर बसून बदलला.