रायफलिंग आणि विस्कटलेलं ग्रुपिंग: या चुका टाळा

टार्गेटवर गोल भोकाऐवजी लांबट फाट दिसली, तर आधी स्कोपचे स्क्रू फिरवत बसू नका. गोळी कागदाला आडवी लागते आहे आणि बहुतेक वेळा दोष पिळाचा, म्हणजे बॅरलच्या आतल्या वळत जाणाऱ्या खाचांचा (रायफलिंगचा) असतो: बॅरल तिला पुरेशी फिरकी देत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे फक्त ग्रेन (गोळीचं वजन) पाहून गोळी निवडणं. स्थिरता मुख्यतः लांबीवर ठरते. पूर्ण तांब्याची गोळी शिशाच्या गाभ्याच्या गोळीपेक्षा त्याच वजनात लांब भरते, म्हणून तिला जास्त घट्ट पीळ लागतो. १८७९ चं ग्रीनहिल सूत्र आजही कामाचं आहे: व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले लांबी, मापं इंचात. ०.२२४ व्यास आणि ०.९ लांबीला उत्तर येतं सुमारे ८.४, म्हणजे तितक्या इंचांत एक पूर्ण फेरा. अशा गोळीला १:८ (८ इंचांत एक फेरा) बॅरल निर्धास्त वापरा. १:१२ मध्ये ती डगमगेल. अमेरिकी लष्कराच्या एम१६ए१ रायफलचा १:१२ पीळ ५५ ग्रेनच्या गोळीसाठी होता; ६२ ग्रेनची लांब गोळी आली तेव्हा एम१६ए२ ला १:७ दिला गेला.

बॅरलवरच्या पिळाच्या आकड्यावर विसंबू नका, मोजा. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढा. मूठ फिरती असलेल्या सफाईच्या रॉडला घट्ट पॅच (कापडाचा तुकडा) लावून ब्रीचकडून (बॅरलच्या मागच्या टोकाकडून) आत घाला, रॉडवर खूण करा आणि खूण एक पूर्ण फेरा घेईपर्यंत रॉड किती इंच सरकला ते पाहा. पॅच सैल असला तर तो खाचांवरून घसरतो आणि माप चुकतं, म्हणून तीनदा मोजा.

खाचा चार की सहा, यावर वाद खूप. ग्रुपिंगमध्ये (भोकं एकमेकांच्या किती जवळ पडतात त्यात) फरक मात्र फारसा पडत नाही. क्राउनचं, म्हणजे बॅरलच्या तोंडाच्या कडेचं, तसं नाही. गोळी बॅरलला शेवटची शिवते ती तिथेच, आणि तोंडाकडून रॉड घालणारे नेमकी तीच कड झिजवतात. कानात घालायची कापसाची काडी कडेवरून आतून बाहेर ओढा. तंतू अडकला, तर तिथे धातूचं बारीक कुसळ आहे. क्राउन पुन्हा कापून घ्या.

बॅरलमध्ये साचलेलं गोळ्यांचं तांबं काढताना ब्राँझचा ब्रश वापरला तर अमोनियाचं सॉल्व्हंट ब्रशलाच खातं, पॅच निळा येत राहतो आणि स्वच्छ बॅरल उगाच घासली जाते. नायलॉनचा ब्रश घ्या. .२२ रिमफायरमध्ये (ज्यात काडतुसाच्या कडेवर आघात होतो त्या रायफलमध्ये) खोल सफाईनंतरच्या पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात. गोळीवरचं वंगण आत पुन्हा बसेपर्यंत साइटला हात लावू नका.