प्रोग्रामर कोड कसा वाचतात? आय ट्रॅकर लावून असं तपासा

नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हजेरीची तीच तीच अ‍ॅप्स पुष्कळ झाली. त्यापेक्षा कोड वाचताना नजर कुठे थांबते, कुठून मागे वळते, हे बघा.

आधी यंत्र. स्क्रीनखाली बसणारा आय ट्रॅकर डोळ्यांवर अवरक्त प्रकाश टाकतो आणि डोळ्यावरची चमक व बाहुली यांच्या जागेवरून नजरेचा बिंदू काढतो. तो परवडत नसेल तर वेबगेझर ही मोफत लायब्ररी साध्या वेबकॅमवर चालते. मात्र तिची चूक काही सेंटिमीटरची असते. नजर कोणत्या भागावर होती ते कळेल, ओळ कळणार नाही.

मग प्रश्न ठरवा, आणि तो छोटाच ठेवा. 2010 मध्ये शरीफ आणि मालेटिक यांनी व्हेरिएबलची नावं कॅमलकेसमध्ये (totalMarks) पटकन ओळखू येतात की अंडरस्कोरने (total_marks), एवढंच तपासलं. अंडरस्कोर सरस ठरला.

कोड पंधरा-वीस ओळींचा, स्क्रोल न करता मावणारा घ्या. त्यात एकच चूक पेरा: लूपच्या अटीत 'लहान'च्या जागी 'लहान किंवा समान'. आता ओळींमधलं अंतर वाढवा. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो. चांगल्या ट्रॅकरची चूकही साधारण अर्धा अंश असते. 65 सेंटिमीटरवर बसलं की ती जवळपास 6 मिलिमीटर भरते. एडिटरच्या नेहमीच्या मांडणीत ओळी त्याहून जवळ असतात, म्हणजे सातव्या ओळीवरची नजर आठवीच्या खात्यात जमा. फॉन्ट मोठा करा, दोन ओळींत सेंटिमीटरभर तरी अंतर सोडा.

खोलीत ऊन येता कामा नये, कारण उन्हातही अवरक्त किरण असतात. गंगापूर रोडच्या लॅबमध्ये एप्रिलच्या दुपारी नुसते पडदे पुरत नाहीत, सकाळीच बसा. फिरती खुर्ची नको. दाट काजळ-मस्काऱ्याने ट्रॅकर कधी कधी गोंधळतो, ते आधीच सांगून ठेवा. नऊ बिंदूंचं कॅलिब्रेशन करा, म्हणजे स्क्रीनवरच्या नऊ ठिपक्यांकडे बघायला लावून ट्रॅकर त्या डोळ्यांशी जुळवून घ्या, आणि प्रत्येक कोडनंतर पुन्हा पडताळा.

माणसं दोन गटांत घ्या: दुसऱ्या वर्षाची मुलं आणि चार-पाच वर्षं नोकरी केलेले. पुण्याच्या कंपनीचं काम नाशकात घरी बसून करणारे ओळखीत निघतातच. लेखी संमती घ्या. फाइलला नावाऐवजी क्रमांक द्या.

विश्लेषणात प्रत्येक ओळ वेगळा भाग धरा आणि नजर 200-300 मिलिसेकंद स्थिरावते ते थांबे मोजा. हीटमॅप, म्हणजे नजर जास्त थांबली तिथे गडद रंग दाखवणारं चित्र, तोंडी परीक्षेत छान दिसतो, पण त्यात क्रम हरवतो, आणि खरी गंमत क्रमातच आहे. 2015 च्या एका अभ्यासात नवशिके साध्या मजकुरापेक्षा कोड कमी सरळ क्रमाने वाचताना दिसले. अनुभवी तर त्याहूनही कमी.

लूपच्या अटीवर नजर खिळली, ती चूक सापडली म्हणून की डोकंच चालेना म्हणून? ट्रॅकरला ते सांगता येत नाही. म्हणून रेकॉर्डिंग त्याच माणसाला दाखवा आणि विचारा, "इथे काय चाललं होतं मनात?" तो घरी जायच्या आत विचारा, दोन दिवसांनी विचारलंत तर तो आठवून नाही, रचून सांगेल.