टेंडनचं ऑपरेशन ठरलंय? थेरपीची तारीख घेतलीत का?

दोन वर्षांपूर्वी लाल भोपळा चिरताना सुरी घसरली आणि माझ्या डाव्या अनामिकेचं टेंडन तुटलं. आपल्याकडे सगळे ‘नस कापली’ म्हणतात, पण नस वेगळी. ही बोट वाकवणारी दोरी. ऑपरेशन चांगलं झालं. घरी आल्यावर मी हात तान्ह्या बाळासारखा जपला, बोट हलूही दिलं नाही. टाके काढायला गेले तेव्हा विचारलं गेलं, “थेरपी सुरू आहे ना?” ती सुरूच नव्हती. वेळ मिळेपर्यंत चौथा आठवडा लागला. बोट आतून चिकटलं ते चिकटलंच, आणि आठ महिन्यांनी ते मोकळं करायला पुन्हा टेबलावर जावं लागलं.

म्हणून सगळ्यात आधी हँड थेरपिस्टची, म्हणजे ऑपरेशननंतर हाताचे व्यायाम शिकवणाऱ्याची तारीख. ऑपरेशन ठरेल त्याच दिवशी, फोन हातात असतानाच घ्या. साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पहिली भेट हवी. नक्की दिवस सर्जनला विचारा. डिस्चार्जच्या वेळी विचारू म्हणाल तर त्या गडबडीत राहून जाईल. माझं तसंच राहिलं.

फाइल, विम्याचं कार्ड, पैसे हे घरचे बघतीलच. अंगठ्या-बांगड्या घरीच काढा; हात सुजला की निघत नाहीत. पुढून उघडणारे, सैल बाहीचे कपडे काढून ठेवा. नाडीचं काहीही नको, इलॅस्टिक हवं. बरण्यांची झाकणं आधीच सैल करा. कुकर दुसऱ्यानं लावायचा. हात हृदयाच्या वर राहील अशा दोन-तीन उशा हव्यात, कारण सूज राहिली की बोटं कडक होतात. अंघोळीसाठी लांब प्लॅस्टिकची पिशवी आणि चिकटपट्टी ठेवा. रबरबँड आवळू नका. तंबाखू, मशेरी, सिगारेट आजच बंद करा. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. यात सवलत मागू नका.

तारीख घेतलीत का?

एवढी घाई कशाला, ते सांगते. बोटात ही दोरी अरुंद बोगद्यातून सरकते. शिवलेली जागा भरताना आजूबाजूला चिकटायला बघते. हलवलं नाही तर चिकटते, जोरानं ओढलं तर तुटते. बोटातल्या या भागाला सर्जन पूर्वी ‘नो मॅन्स लँड’ म्हणत आणि तिथं लगेच शिवायलाच कचरत. 1960च्या दशकात अमेरिकेत लुईव्हिलच्या हॅरोल्ड क्लायनर्ट यांनी रबरबँड लावून लवकर, नियंत्रित हालचाल सुरू केली आणि चित्र बदललं. मुद्दा हाच: लवकर, पण शिकवल्याप्रमाणेच. माझ्यासारखं घाबरून बसायचं नाही आणि मनानं व्यायामही करायचे नाहीत. हे दाखवणारा माणूस वेळेवर हवा, म्हणजे तारीख हवी.

गल्लीतल्या कुणाकडेही जाऊन शेक घेऊ नका. हाताचं काम करणारी व्यक्तीच हवी, फिजिओथेरपिस्ट असो की ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मुंबईत केईएम, सायन, नायर इथं ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आहेत. जाताना ऑपरेशन नोट न्या. कोणतं टेंडन, कुठं तुटलं, किती पदरी शिवलं, सोबत नर्व्ह (संवेदना नेणारा तंतू) शिवली का, यावर व्यायाम ठरतो. डिस्चार्ज कार्डावर हे बहुधा नसतं, त्यामुळे नोट वेगळी मागून घ्या.

तळहाताकडचं टेंडन असेल तर हाताच्या मागच्या बाजूनं स्प्लिंट, म्हणजे हात एका जागी धरणारा प्लॅस्टिकचा आधार मिळतो. बोटं थोडी वाकलेली राहतात. तो साधारण सहा आठवडे, रात्रंदिवस. झोपेतही. “जरा हवा लागू दे” म्हणून काढायचा नाही. गरम पाण्यापासून आणि उन्हातल्या गाडीपासून लांब ठेवा, वितळून आकार बदलतो. व्यायामाची वेळ मोबाइलवर लावा. दर तासा-दोन तासांनी थोडे थोडे असतात, एकदम पन्नास नसतात.

दुसरा-तिसरा आठवडा सांभाळा. दुखणं कमी झालेलं असतं, पण शिवण अजून कच्ची असते. पिशवी उचलणं, टॉवेल पिळणं, पडणारा कप पकडायला हात पुढं करणं, सगळं टाळा. ‘सट्’ झालं आणि बोट वाकेनासं झालं तर त्याच दिवशी सर्जनकडे. उद्या नाही.

सहा आठवड्यांनंतर, डॉक्टर म्हणाले तर स्प्लिंट सुटतो, हलकी कामं होतात. व्रणाला मसाज. आठव्या आठवड्याच्या आसपास ताकदीचे व्यायाम. जड उचलणं बाराव्यानंतर. स्कूटरचं सर्जनला विचारा, घरच्यांना नाही. थंडीत बोट ठणकेल, होतं तसं.

बाकीचं थेरपिस्ट सांगतील. त्यांची तारीख अजून घेतली नसेल तर हे वाचणं थांबवा आणि फोन लावा.