परिषदेसाठी व्याख्यानाचा विषय आपल्याच दुरुस्त्यांतून निवडावा

मुक्तस्रोत वेब प्रोग्रॅमिंगच्या परिषदेला प्रस्ताव पाठवायचा म्हटले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडील अनेकांना विषयच सुचत नाही, आणि मग एखाद्या फ्रेमवर्कची (संकेतस्थळ बांधण्याच्या तयार सांगाड्याची) ओळख करून देणारा, निवड समितीने अनेकदा वाचलेला प्रस्ताव जातो. त्याऐवजी असे करावे:

१. गिटमधील (प्रोग्रॅममधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातील) आपल्या जुन्या नोंदी चाळून, प्रोग्रॅमच्या ज्या दुरुस्तीला अपेक्षेपेक्षा फार वेळ लागला, ती निवडावी. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिपींत संकेतस्थळे करणाऱ्यांकडे असा साठा मोठा असतो: उदाहरणार्थ, ‘कऱ्हाड’मधील अर्धा र युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला संगणकीय क्रमांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीत) दोन प्रकारे टंकता येतो, दिसतो सारखाच, पण शोधात एक प्रकार दुसऱ्याशी जुळत नाही, आणि युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरणही (एकाच अक्षराचे वेगवेगळे संकेत एकसारखे करण्याची प्रक्रिया) तो भेद मिटवत नाही.

२. अडचण, फसलेला उपाय, चाललेला उपाय आणि श्रोत्याला मिळणारी गोष्ट, एवढे चार वाक्यांत लिहावे; हाच प्रस्तावाचा सारांश. शीर्षक सर्वांत शेवटी द्यावे.

३. त्याच दुरुस्तीवरून छोट्या व्याख्यानाचा दुसरा प्रस्तावही करावा. माझ्या मते नवख्याने तोच आधी पाठवावा.

अनेक परिषदांत पहिली छाननी नाव झाकून होते, त्यामुळे सारांशात स्वतःचे किंवा कंपनीचे नाव येऊ देऊ नये.