बाहेरच्या मॉनिटरवर गेम अडखळत होता, पोर्ट बदलल्यावर सुरळीत झाला

लॅपटॉपच्या स्क्रीनवर गेम छान चालतो आणि १४४ हर्ट्झच्या (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या) बाहेरच्या मॉनिटरवर अडखळतो, तर ग्राफिक्स कार्डाला दोष देण्याआधी केबल कुठे खोचली आहे ते बघा. माझ्याकडे दुखणं तिथेच होतं. माझ्या लॅपटॉपात चित्र काढणाऱ्या दोन चिप आहेत: गेमसाठीचं एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरमधलीच साधी इंटेलची चिप. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधलं फिजएक्सचं पान उघडलं. कोणता डिस्प्ले कोणत्या चिपला जोडलाय ते तिथे चित्रातच दिसतं. माझी केबल एचडीएमआय पोर्टात होती आणि त्याची रेघ इंटेलकडे गेलेली! म्हणजे प्रत्येक फ्रेम एनव्हिडिया काढणार, ती इंटेलकडे कॉपी होणार, मग मॉनिटरवर. शेजारच्या टाइप-सीवर डिस्प्लेपोर्टचं चिन्ह होतं. टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल लावली, रेघ एनव्हिडियाकडे आली. काही लॅपटॉपांत टाइप-सीही इंटेललाच जोडलेलं असतं, म्हणून मॅन्युअल बघूनच केबल घ्या.

मॉनिटर ६० हर्ट्झवरच अडकलेला असू शकतो. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन १४४ निवडा. चार्जर लावलेलाच हवा.

आणि नाशिकच्या एप्रिलमध्ये झाकण मिटून खेळू नका. बऱ्याच मॉडेलांत कीबोर्डमधूनही हवा आत जाते. ती कोंडली की चिप तापते आणि स्वतःच वेग उतरवते. मागची कड दोन बोटं उचलून ठेवली तरी फरक पडतो.