डँडींवरचं जुनं व्यंगचित्र कसं तपासावं

डँडी म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे इंग्लंडमधले नटवे, फॅशनवेडे पुरुष. व्यंगचित्रात त्यांची कानापर्यंत कॉलर, कॉर्सेटने आवळलेली कंबर, कापूस भरून फुगवलेली छाती. असा छापा दिसला की बहुतेक जण ‘१८१९, क्रुकशँक’ (त्या काळचा इंग्रज व्यंगचित्रकार) म्हणून मोकळे होतात. घाई करू नका. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरलं कधी आणि समोरचा कागद छापला कधी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि छोटी बॅटरी एवढं पुरे. हात धुऊन पूर्ण कोरडे करा.

बॅटरी कागदाच्या कडेने जवळजवळ आडवी धरा. पत्र्याच्या दाबाने चित्राभोवती चौकोनी खाच उमटते. ती नसेल तर कडा कापल्या गेल्यात, किंवा छापा तांब्याच्या पत्र्यावरचा नाहीच. मग भिंग लावा. शाईची रेघ कागदावर किंचित उचललेली हवी. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती यंत्रावरची नंतरची नक्कल. पुढे तपासायची गरज नाही.

आता तळाची बारीक ओळ. १७३५ च्या ब्रिटिश कायद्याने चित्राचे हक्क राखायचे तर मालकाचं नाव आणि प्रकाशनाची तारीख पत्र्यावर कोरावी लागे. टेग, १११ चीपसाइड. हम्फ्री, २७ सेंट जेम्स स्ट्रीट. फोर्स, ५० पिकॅडिली: लंडनच्या प्रकाशकांचे हे पत्ते वारंवार भेटतील. ही तारीख मात्र पत्र्याची. कागदाचं वय कळायला तो उजेडासमोर धरा. ओळीत १८१९ आणि व्हॉटमन या कागद बनवणाऱ्याच्या जलचिन्हात (कागदातच असलेली, उजेडात दिसणारी खूण) १८२७ असेल, तर छापा किमान आठ वर्षांनी काढलेला आहे. जलचिन्ह नसल्याने काहीच सिद्ध होत नाही. मोठ्या तावाचा तुकडा कोरा असू शकतो.

फ्रेमसाठी कापताना बहुधा हीच ओळ जाते. मग भिस्त कपड्यांवर. प्रचंड विगवर इवलीशी टोपी असेल तर तो १७७० च्या दशकातला मॅकरोनी, म्हणजे आधीच्या पिढीतला नटवा, डँडी नव्हे. डँडीचे केस आखूड, गळपट्टा खळ देऊन ताठ. फुगीर कोसॅक विजार १८१४ नंतरची. रशियाचा झार अलेक्झांडर त्या वर्षी लंडनला आला आणि ही टूम पसरली. पायांनी जमीन रेटत पळवायची लाकडी दुचाकी असेल तर बहुधा १८१९, कारण डेनिस जॉन्सनने तिचं पेटंट डिसेंबर १८१८ मध्ये घेतलं. प्रत्येक डँडीत सर्वांत गाजलेला डँडी ब्रमेल मात्र शोधू नका. तो कर्जापायी १८१६ मध्येच फ्रान्सला पळाला होता.

रंगांवरून काळ ठरवणं सर्वांत फसवं. रंग हाताने भरत, त्यामुळे एकाच पत्र्याच्या दोन प्रतींत कोट निळा आणि हिरवाही सापडतो. पांढरा किंवा शेंदरी भाग काळा पडलेला असेल तर तो मळ समजून पुसू नका: शिशाचे रंग हवेतल्या गंधकाने काळवंडतात, आणि ओल्या बोळ्याने आजूबाजूचा जलरंगही निघून येईल. हे काम कागद-संवर्धकाचंच.