दार एस सलाममध्ये स्वाहिली शिकताना: वहीतला इंग्रजीचा रकाना मी का खोडला

हिशेबाच्या नोकरीसाठी टांझानियातल्या दार एस सलामला आलो तेव्हा सामानात एक दोनशे पानी वही होती. डावीकडे स्वाहिली शब्द, उजवीकडे इंग्रजी अर्थ. बरेच शब्द पाठ करून कारियाकोच्या बाजारात गेलो आणि पहिल्याच दुकानात अडलो. वहीत 'वाली' म्हणजे राइस असं होतं, म्हणून मी दोन किलो वाली मागितला. दुकानदाराने समोरच्या खानावळीकडे बोट दाखवलं.

वाली म्हणजे शिजवलेला भात. कच्चे तांदूळ ते 'म्चेले', आणि शेतात उभी असते ती साळ 'म्पुंगा'. माझ्या इंग्रजी रकान्यात तिन्हींपुढे राइसच होतं. मराठीत मात्र तिन्हींना आपापला शब्द तयार. त्या रात्री मी इंग्रजी रकाना खोडून मराठी अर्थ लिहायला बसलो. इथे नवीन येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला मी पहिल्यांदा हेच करायला सांगतो.

मी दापोलीकडचा, त्यामुळे नारळाचं पान तर एका बैठकीत भरलं. 'म्नाझी' म्हणजे माड, 'नाझी' म्हणजे नारळ, 'दाफू' म्हणजे शहाळं, 'तुई' म्हणजे नारळाचं दूध. घरमालकीणबाई एका बुटक्या लाकडी बैठकीवर बसून, पुढे आलेल्या दातेरी पात्यावर नारळाची वाटी फिरवत होत्या. खाली ताटलीत पांढराशुभ्र चव पडत होता. आमच्या आजीची खवणीच ती! इथे तिला 'म्बुझी' म्हणतात, आणि बकरीलाही म्बुझीच. खवण्याला 'कुना'. शहाळं हवं असेल तर म्हणा, 'नाओंबा दाफू मोजा', म्हणजे एक शहाळं द्या. 'नाताका', म्हणजे मला हवंय, हेही चालतं, पण 'नाओंबा'त विनंती आहे. तेच तोंडात बसू द्या.

ओळखीचा वाटणारा शब्द सगळ्यात आधी कोशात बघा, हे मात्र मला उशिरा कळलं. ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, 'दादा यांगू नि म्गोंज्वा', माझे दादा आजारी आहेत. म्हणजे मला तरी तसं वाटलं. मी रोज विचारपूस करत होतो, तो उत्तर देत होता. स्वाहिली क्रियापदाला स्त्री-पुरुष भेद नाही. 'आमेकुजा' म्हणजे तो आला आणि ती आलीसुद्धा. त्यामुळे चूक आठवडाभर उघडी पडलीच नाही. शेवटी संत्री घेऊन दवाखान्यात गेलो आणि पुरुषांच्या वॉर्डात शोधत राहिलो. इथे 'दादा' म्हणजे बहीण आणि 'काका' म्हणजे भाऊ! 'मामा' म्हणजे आई. 'बाबा' तेवढे बाबाच.

इंग्रजी कोशातल्या सिस्टर-ब्रदरने हे शब्द पुरते कळत नाहीत. भाजीवालीला हाक मारताना 'दादा' म्हणतात, रिक्षावाल्याला 'काका'. आपण अनोळखी बाईला ताई आणि माणसाला दादा म्हणतो, तेच. आता वहीत लिहिलंय: दादा म्हणजे ताई, काका म्हणजे दादा. वयस्क माणसाला मात्र आधी 'शिकामो', म्हणजे आदराचा नमस्कार, म्हणायचं, उत्तर येतं 'माराहाबा'. ते न म्हणता कामाचं बोलू नका.

व्याकरणाची भीती नको. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं पुस्तक, असं विशेषण जुळवायची आपल्याला जन्माची सवय आहे. आपण शेवट बदलतो, स्वाहिलीत सुरुवात बदलते. 'किताबू किझुरी किमेआंगुका', चांगलं पुस्तक पडलं. 'विताबू विझुरी विमेआंगुका', चांगली पुस्तकं पडली. किताबू हा मुळात अरबी शब्द, पण त्यातला 'कि' स्वाहिलीने आपल्या नियमात बसवून टाकला. म्हणून प्रत्येक नाम एकवचन-अनेकवचन जोडीनेच लिहा. क्रियापद कोशात शोधताना पुढचे तुकडे सोडवा: 'निनासोमा' म्हणजे मी वाचतोय, 'निलीसोमा' म्हणजे वाचलं, 'नितासोमा' म्हणजे वाचेन. कोशात सापडेल फक्त 'सोमा'.

हिशेबाच्या कामात 'हेसाबू', 'बिमा', 'हुंडी' म्हणजे चेक, 'लाकी' म्हणजे लाख, हे शब्द फुकटच मिळाले. वेळ मात्र जपून विचारा. दिवस सकाळी सहापासून मोजतात, म्हणून 'सा न्ने असुबुही', शब्दशः चार तास, म्हणजे सकाळचे दहा.

एका शब्दापुढे मला मराठी अर्थही लिहिता आला नाही. 'पोले'. इंग्रजी रकान्यात सॉरी होतं. सहकाऱ्याच्या कागदांवर माझ्या हातून चहा सांडला तेव्हा मी पोले म्हणालो आणि तो नुसता बघत राहिला. आपली चूक असेल तर 'सामाहानी' म्हणायचं. पोले हे समोरच्याच्या त्रासासाठी असतं. जिन्यात कुणी ठेचकाळलं की चार अनोळखी माणसं पोले म्हणतात. संध्याकाळी फाटकावरचा रखवालदार मला 'पोले ना काझी' म्हणतो. दिवसभर राबलास, ते मला दिसतंय, असा काहीसा भाव. उत्तर एवढंच, 'आसांते', म्हणजे धन्यवाद.

त्या शब्दापुढची जागा मी रिकामी ठेवली आहे. खाली फक्त वाक्यं लिहितो, कुणी, कधी, कुणाला म्हटलं ते. परवा गावाहून परतलो तेव्हा घरमालकीणबाई दारात म्हणाल्या, 'पोले ना सफारी'. तेही लिहून ठेवलं.